आपले टपाल, आपल्या घरी

रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी कोर्लईचा किल्ला उभा आहे. पोर्तुगीजांच्या अमलात या किनाऱ्यावरील व्यापाऱ्याला आपल्याच समुद्रातून गलबत हाकारायचे, तर 'कार्ताझ' नावाचा परवाना परक्याकडून विकत घ्यावा लागे. ज्याच्याजवळ तो नाही, त्याचे गलबत मालासह जप्त होई. पुढे कान्होजी आंग्रे यांनी स्वतःची दस्तके देण्यास प्रारंभ केला आणि या समुद्रावर परवाना कोणी कोणाला द्यायचा, हा प्रश्नच उलटा करून टाकला. इंग्रजांनी त्यांना समुद्री चाचा ठरविले, त्यामागची पोटदुखी हीच होती.

या कार्ताझची आठवण होण्याचे कारण अगदी अलीकडचे आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. गुजरातमधील वाडीनार येथे या कंपनीचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि तिच्यात रशियाच्या रोस्नेफ्टची मोठी भागीदारी आहे. असे एकतर्फी निर्बंध आपण मानत नाही, हे भारत सरकारने लगेच स्पष्ट केले. भारतीय कायद्याच्या दृष्टीने कंपनीचा कोणताही अपराध नव्हता. तरीही काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेल व अन्य सेवा तोडल्या. भारतातील कारखाना, भारतातील कर्मचारी, पैसे मोजून घेतलेली सेवा. पण सकाळी संगणक उघडला तर स्वतःचीच पत्रे वाचता येईनात! कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, मधल्या काळात मुंबईच्या रेडिफची ईमेल सेवा घेऊन काम रेटले आणि महिनाअखेरीस मायक्रोसॉफ्टच्या सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीपाशी वकील होते, पैसा होता, म्हणून आठवड्याभरात निभावले.

सरकारी पातळीवर या धोक्याची जाणीव आहे, ही समाधानाची बाब. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहो या भारतीय कंपनीच्या प्रणालीवर नेण्यात आले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी स्वतःचा पत्ताही झोहोवर नेल्याचे जाहीर केले. तामिळनाडूच्या तेनकाशी जिल्ह्यातील खेड्यात राहून काम करणाऱ्या श्रीधर वेम्बू यांच्या या कंपनीचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र सरकारचे टपाल स्वदेशी झाले म्हणून समाजाचे टपाल सुरक्षित झाले, असे होत नाही. समाजाचे टपाल आज कोठे पडले आहे, हे पाहायचे तर दिल्लीकडे न पाहता एखाद्या गावाकडे पाहावे लागेल.

अलिबाग, चौल, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. रायगडच्या या किनारपट्टीवर असे गाव क्वचितच सापडेल, जेथे एखादे वाचनालय, शिक्षणसंस्था, देवस्थानचे विश्वस्त मंडळ किंवा नारळ-सुपारीच्या बागायतदारांची सोसायटी नाही. पूर्वी या संस्थांचा पत्रव्यवहार फायलींत असे. लाकडी कपाट, त्यात आवक-जावक नोंदवही, चिटणिसांच्या वळणदार अक्षरातील प्रती. वाळवी लागली तर एखादी फाईल जाई, उरलेल्या राहत. आता धर्मादाय आयुक्तांकडील पत्रव्यवहार, लेखापरीक्षकांचे अहवाल, देणगीदारांची पत्रे, मुंबई-पुण्यात आणि परदेशात गेलेल्या ग्रामस्थांचे निरोप, सारे काही ईमेलने येते. ते खाते कोणाचे असते? बहुधा दहा-बारा वर्षांपूर्वी उत्साही तरुण चिटणिसाने स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर उघडलेले फुकटचे खाते असते. चिटणीस नोकरीनिमित्त पुण्याला जातो, क्रमांक बदलतो, नव्या कार्यकारिणीला पासवर्ड ठाऊक नसतो आणि ओटीपी जातो भलत्याच माणसाकडे. गुगलने तर मे २०२३ मध्ये जाहीरच केले की, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आतील मजकुरासह काढून टाकली जातील. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून ही कारवाई सुरूही झाली. यात गुगलचा काही अपराध आहे असे नव्हे. फुकट दिलेल्या खोलीत कोणी सामान ठेवून वर्षानुवर्षे फिरकलेच नाही, तर मालक ती खोली रिकामी करणारच. आपण आपले दप्तर दुसऱ्याच्या खोलीत का ठेवले, हा प्रश्न आपला आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागांतील सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले. विजेचे खांब पडले, मोबाईलचे मनोरे मुके झाले. कित्येक गावांत वीज येण्यास आठवडे लागले. पंचनामे, विम्याची कागदपत्रे, मदतीसाठीचे अर्ज यांची घाई होती आणि नेमक्या त्याच वेळी इंटरनेटवर ठेवलेला प्रत्येक कागद हाताबाहेर गेला होता. जनित्र लावून संगणक चालू करता येत होता. पण ज्या संगणकात टपालाची प्रतच नाही, तो चालू करून वाचणार काय?

येथे एक जुनी, साधी आणि बहुतेकांनी विसरलेली वस्तू कामाची ठरते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी डायल-अप जोडणीवर ईमेल वापरले, त्यांना ती आठवत असेल. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात इंटरनेट जनतेला खुले केले, तेव्हा जोडणी महाग होती. म्हणून लोक फोन जोडत, आलेली पत्रे संगणकावर उतरवून घेत, फोन तोडत आणि मग निवांत वाचत. हे काम युडोरा, आउटलुक एक्सप्रेस यांसारखे संगणकावर बसविलेले ईमेल प्रोग्रॅम करीत. टपाल उतरले की ते आपल्या हार्डडिस्कवर, आपल्या घरी. पुढे जोडण्या स्वस्त झाल्या, हॉटमेल आणि जीमेलसारख्या सेवांनी पत्रे आपल्याकडेच ठेवण्याची सोय केली आणि घरी टपाल आणण्याची सवय मोडली. हॉटमेलच्या जन्मात सबीर भाटिया या भारतीय तरुणाचा वाटा होता, हा इतिहासाचा एक खट्याळपणा.

जुने प्रोग्रॅम मग एकामागून एक मिटले. युडोराची मूळ आवृत्ती २००६ मध्ये थांबली. आउटलुक एक्सप्रेसची जागा त्यानंतर लगेच दुसऱ्या प्रोग्रॅमने घेतली, तोही गेला. विंडोजसोबत फुकट येणाऱ्या मेल या प्रोग्रॅमचा आधार मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस काढून घेतला आणि लोकांना नव्या आउटलुककडे वळविले. या नव्या आउटलुकमध्ये दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले, तर त्यातील टपालाची प्रत मायक्रोसॉफ्टच्या मेघसाठ्यात जाते. संगणक आपला, पत्र आपले, आणि प्रत तिसऱ्याकडे.

या पडझडीत एक प्रोग्रॅम मात्र मरता मरता उठला. त्याचे नाव थंडरबर्ड. अमेरिकेतील मूळच्या जमातींच्या कथांमध्ये पंखांच्या फडफडाटाने मेघगर्जना घडविणारा महापक्षी आहे, त्याचे हे नाव. गरुड आणि जटायू यांच्या देशात ते परके वाटण्याचे कारण नाही. मोझिला या ना-नफा संस्थेने डिसेंबर २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती विनामूल्य उपलब्ध करून दिली. सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञासंहिता, सर्वांस खुली. कोणीही ती वाचावी, तपासावी, बदलावी. काही वर्षे चांगली गेली. नंतर मोझिलाचे सारे लक्ष फायरफॉक्सकडे लागले. जुलै २०१२ मध्ये संस्थेने सांगून टाकले की, थंडरबर्डमध्ये नवे काही करण्यावर यापुढे शक्ती खर्च होणार नाही. सुरक्षेची डागडुजी तेवढी चालू राहील, बाकीचे स्वयंसेवकांनी पाहावे. २०१५ च्या अखेरीस तर हे ओझे अंगावरून उतरवावे, अशी भाषा खुद्द संस्थेच्या नेतृत्वाने केली.

'स्वयंसेवकांनी पाहावे' हे वाक्य सामान्यतः पांढरपेशा संस्थांत कामातून अंग काढून घेण्यासाठी उच्चारले जाते. येथे स्वयंसेवकांनी खरोखरच पाहिले. जगभर विखुरलेल्या मोजक्या माणसांनी आपली एक परिषद निवडली, काम अंगावर घेतले आणि २०१७ मध्ये मोझिला प्रतिष्ठानाशी नवी व्यवस्था लावली: कायदेशीर छत्र प्रतिष्ठानाचे, कारभार आणि पैसा थंडरबर्डचा. जानेवारी २०२० मध्ये या कामासाठी प्रतिष्ठानाच्या मालकीची स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि पगारी तंत्रज्ञ नेमण्याची सोय झाली.

पैसा कोठून आला, हे विशेष लक्ष देण्याजोगे आहे. फायरफॉक्सचे उत्पन्न बहुतांशी गुगलशी असलेल्या शोधसेवेच्या करारातून येते. ज्या कंपनीशी स्पर्धा करायची, तिच्याच पैशावर जगायचे, अशी ती अवघड स्थिती आहे. थंडरबर्ड मात्र वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर उभे राहिले. २०२१ मध्ये या देणग्या सुमारे २८ लाख डॉलर होत्या, २०२२ मध्ये ६४ लाखांवर गेल्या आणि २०२३ मध्ये सुमारे ८६ लाख डॉलर झाल्या. हे सारे प्रामुख्याने छोट्या छोट्या रकमांतून. देणगी दिली नाही तरी प्रोग्रॅम तेवढाच मिळतो, एकही सोय कमी होत नाही. श्रीगुरुदक्षिणेच्या दिवशी बंद पाकिटात यथाशक्ती समर्पण करणाऱ्या आणि कोणी किती ठेवले हे कधीही न विचारणाऱ्या वाचकांना या पद्धतीचे बळ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. संघकार्य याच रीतीने चालत आले आहे. संगणकाच्या जगाला मात्र हे अजब वाटते, कारण तेथे फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत बहुधा वापरणाऱ्याची माहिती विकून वसूल होते.

पैसा आला तरी काम सोपे नव्हते. कोकणातील जुन्या कौलारू घराची जशी पावसाळ्यापूर्वी दरसाल शाकारणी होते, तशी थंडरबर्डची वरवरची दुरुस्ती स्वयंसेवकांनी चालू ठेवली होती. पण आतले वासे आणि आढे वीस वर्षांचे जुने होते. शिवाय हे घर फायरफॉक्सच्या घराला भिंत लावून बांधलेले. तिकडे भिंत हलली की इकडे तडा जाई. त्यामुळे केवळ रंगसफेदी करून भागणार नव्हते. माणसे घरात राहत असतानाच एकेक वासा बदलावा लागला. २०२० च्या आवृत्तीत पत्र गुप्त लिपीत पाठविण्याची सोय प्रोग्रॅममध्येच आली. मात्र त्याच आवृत्तीत लोकांनी वर्षानुवर्षे वापरलेली कितीतरी जुनी जोडसाधने बंद पडली आणि जुने वापरकर्ते संतापले. जुलै २०२३ मध्ये 'सुपरनोव्हा' या नावाची आवृत्ती आली, तिने प्रोग्रॅमचा दर्शनी भाग जवळजवळ नव्याने उभारला. तेव्हाही 'आमचे जुने बरे होते' म्हणणारे होतेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाईलवरील अँड्रॉईड आवृत्ती आली. तीही शून्यातून न लिहिता के-नाइन मेल या आधीपासून चालत असलेल्या खुल्या प्रोग्रॅमला २०२२ मध्ये आपल्यात सामावून घेऊन तयार केलेली. चांगले चालले आहे ते मोडायचे नाही, जोडून घ्यायचे, ही रीत शहाणपणाची होती.

आता एक आक्षेप. हा प्रोग्रॅम अमेरिकेतील संस्थेचा. मग नायराचे उदाहरण देऊन शेवटी सुचविले ते परदेशीच का? आक्षेप बैठकांत नेहमी येतो आणि तो टाकाऊ नाही. स्वदेशी जागरण मंचाचे प्रवर्तक दत्तोपंत ठेंगडी यांनी पाश्चात्त्यीकरणाविना आधुनिकीकरण हा विचार मांडला होता. त्या कसोटीवर पाहिले, तर वस्तू कोठे जन्मली यापेक्षा ती आपल्या हाती आल्यावर तिची किल्ली कोणाकडे राहते, हे अधिक महत्त्वाचे ठरते. नायराची सेवा तोडता आली, कारण किल्ली परदेशात होती. आपल्या संगणकावर उतरविलेला थंडरबर्ड आणि त्यातील पत्रे उद्या अमेरिकेतील कोणी ठरवले म्हणून नाहीशी होत नाहीत. सोर्स कोड खुला असल्यामुळे पुण्यातील एखाद्या संस्थेने तो घेऊन स्वतःची आवृत्ती काढायची म्हटली, तरी परवाना आड येत नाही. झोहोच्या अथवा रेडिफच्या खात्यातील पत्रेही तो तितक्याच निमूटपणे उतरवून घेतो. खाते स्वदेशी आणि प्रत स्वगृही, अशी जोडी जमते. थंडरबर्डने २०२५ मध्ये थंडरमेल या नावाने स्वतःची सशुल्क ईमेल सेवाही जाहीर केली आहे. तिच्या मोहात पडण्याचे कारण नाही, प्रोग्रॅम तिच्याविना उत्तम चालतो.

भारतात असा प्रयत्न झालाच नाही, असे मात्र नाही. २००५ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने प्रथम तमिळ आणि मग हिंदी सॉफ्टवेअरच्या सीडी फुकट वाटल्या. पुढे मराठीसह अन्य भाषांची पाळी आली. त्यांत टंक होते, लेखनाचे प्रोग्रॅम होते आणि कोलंबा नावाचा, जावा भाषेत लिहिलेला, ईमेल प्रोग्रॅमही देशी भाषेत रूपांतर करून दिला होता. हेतू चांगला होता. परंतु सरकारी योजनेचा एक ठरलेला प्रवास असतो. सीडीचे प्रकाशन होते, छायाचित्र छापून येते, आणि पुढच्या वर्षी नवी आवृत्ती कोणी काढायची हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. कोलंबाचे मूळ कामही पुढे थंडावले. त्याला वाचविण्यासाठी देणगी देणारे, चुका कळविणारे, भाषांतर सुधारणारे लोक तयार झाले नव्हते. थंडरबर्डला जे मिळाले आणि कोलंबाला जे मिळाले नाही, ते हेच.

आणि येथेच मराठी माणसाला टोचावे असे काही आहे. थंडरबर्ड आज साठाहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. चार लाखांहून कमी लोकसंख्येच्या आइसलँडची भाषा त्यात आहे. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात टिकून राहिलेली रोमान्श आहे. पूर्व जर्मनीत काही हजार लोक बोलतात त्या सॉर्बियनच्या एक सोडून दोन बोली आहेत. भारतीय भाषांपैकी पंजाबी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेली मराठी संगणकावरील थंडरबर्डच्या यादीत नाही. मराठीच्या अभिजात दर्जाचे आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये पेढे वाटले. सॉर्बियन लोकांनी पेढे वाटले की नाही ठाऊक नाही. त्यांनी भाषांतर मात्र केले.

हे काम अशक्य कोटीतील नाही. फायरफॉक्स मराठीत आहे आणि तेही स्वयंसेवकांनीच केले. 'जतन करा', 'शोधा', 'रद्द करा' यांसारखे शेकडो शब्द त्यात आधीच ठरलेले आहेत. भाषांतरासाठी मोझिलाने पोंटून नावाची व्यवस्था केली आहे. तिच्यात घरबसल्या एकेक वाक्य घेऊन मराठी करता येते, प्रोग्रॅम लिहिण्याचे ज्ञान लागत नाही. लागते ते चांगले मराठी, आणि थोडा चिवटपणा. निवृत्त मराठी शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांची एक जोडी प्रत्येक तालुक्यातून मिळाली, तरी यादीत मराठीचे नाव येण्यास फार काळ लागू नये. फक्त एक पथ्य पाळावे. 'ईमेल'ला 'विद्युत्पत्र' करण्याचा मोह टाळावा, नाही तर मुरूडच्या सोसायटीतील कारकून मराठी बंद करून पुन्हा इंग्रजी चालू करील.

टपाल घरी आणले म्हणजे सारे झाले, असेही समजू नये. या किनाऱ्याची खारी हवा यंत्रांना खाते. समुद्राजवळच्या घरातील संगणक लवकर गंजतो, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. एकाच हार्डडिस्कवर विसंबणे म्हणजे मेघसाठ्यावरचा अंधविश्वास काढून हार्डडिस्कवर ठेवणे झाले. थंडरबर्डची सारी पत्रे एका फोल्डरमध्ये असतात. तो फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी. आणखी एक बारकावा. आज बहुतेक खाती अशा रीतीने जोडली जातात की मूळ खात्यातून पत्र पुसले तर संगणकावरूनही पुसले जाते. म्हणून जुनी, महत्त्वाची पत्रे थंडरबर्डमधील स्थानिक फोल्डरमध्ये हलवून ठेवणे आवश्यक. वर्षातून एकदा हिशेबतपासणी होते, त्याच सुमारास हे केले तरी पुरे.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत आहे. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार आणि कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, हे दिसताच त्या काळच्या जाणत्या संचालकांनी, नानाभाई मूस यांनी, ती येथे हलविली. आणि कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून मालिका तुटू नये. सव्वाशे वर्षांच्या सलग नोंदींसाठी जगभरचे शास्त्रज्ञ आज या गावाचे नाव घेतात. ज्या तालुक्यात अशी वेधशाळा आहे, तेथील संस्थांना दहा वर्षांची पत्रे जपण्यास शिकवावे लागू नये.

गणपतीत चाकरमानी गावी येतात. मुंबई-पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणारी मुले-मुली आठवडाभर घरी असतात, आरत्या म्हणतात, आणि दुपारी त्यांना करण्यासारखे फारसे काही नसते. संस्थेच्या संगणकावर थंडरबर्ड बसवून, खाते जोडून, जुने टपाल उतरवून घेण्यास त्यांना एक दुपार पुरेल. त्या दुपारी कार्यालयात चालू स्थितीतील एक संगणक हवा, रिकामी एक डिस्क हवी, आणि ज्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो तो जुना चिटणीस मात्र आरतीला आलेला असतानाच धरून आणायला हवा.